मिटलेलं बोट

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, पाहुण्यांनी बघाव्यात अशा जागांचा नकाशा काढायला मला जव्हारला पाठवलं. दाभोशाच्या धबधब्याच्या वाटेवर एक म्हातारा वाटाड्या सोबत होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याच्या बोलीत ‘तुम्ही’ नव्हतंच. साहेबालाही तो मायेनं ‘तू’ म्हणे. डोंगर दाखवताना मात्र बोट मिटून नुसती मूठ पुढे करी आणि हळू आवाजात त्याचं नाव सांगे.

मी एका सुळक्याकडे बोट केलं, तसा त्यानं माझा हात धरून खाली घेतला.

“बोट नको दाखवू. कवळ्या काकडीला बोट दाखवला का ती सडं.”

“बाबा, काकडी सडेल. डोंगराला काय होतंय?” मी हसलो.

तो हसला नाही. “मागं एक साहेब आला. त्यानं त्या पल्याडच्या डोंगराला बोट दाखवला. आता थं आमाला सरपण आणायची बंदी.”

मी ओशाळून बोट मिटलं. त्याला बरं वाटलं असावं. पुढच्या डोंगराचं नाव त्यानं आपणहून सांगितलं.

आणि मी, सवयीनं, ते नकाशाच्या कागदावर लिहून घेतलं.