पूर्वेकडची भिंत

ब्रोनेक स्कीबाला रस्त्याने चालताना मान वर करून चालायची खोड होती. त्याची बायको लुत्का त्याचा दंड धरून चालायची आणि दर दहा पावलांनी ओरडायची, "अरे, खाली बघ! वर काय तुझी सासू बसलीय?"

पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाचे डोळे खाली राहतात कुठे? मायदेशातल्या तार्नूवजवळच्या खेड्यातून तो १९८८ साली सहा महिन्यांसाठी म्हणून न्यूयॉर्कला आला आणि इथलाच झाला. ग्रीनपॉइंट वस्तीत घर केलं, पोरगी वाढवली आणि उभा जन्म मॅनहॅटनच्या उंच इमारतींना दोरांनी लटकवलेल्या झुल्यांवर उभं राहून विटा बसवण्यात घालवला. त्याच्या हातच्या भिंती शहरभर होत्या. कुठलीही दिसली की तो लुत्काला थांबवून दाखवायचा. फक्त एका इमारतीबद्दल तो तिच्याकडे कधी काही बोलला नव्हता. ती पंधरा मजल्यांची इमारत ब्याऐंशीव्या रस्त्यावर होती.

१९९९ सालची गोष्ट. सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भिंती दर पाच वर्षांनी इंजिनिअरकडून तपासून घ्यायच्या, हा कायदा जुनाच. पण तेव्हा तो नुकताच कडक झाला होता. घरमालकांची धावपळ उडाली आणि कंत्राटदारांचं फावलं. लॉलर नावाच्या कंत्राटदाराकडे ब्रोनेक कामाला होता. त्या इमारतीच्या वरच्या चार मजल्यांची रस्त्याकडची, दक्षिणेला तोंड असलेली बाहेरची विटांची भिंत उतरवून नवी बांधायची होती. आतली भिंत वेगळी, बाहेरची वेगळी, मध्ये दोन बोटांची पोकळी. बाहेरचीला आतलीशी बांधून ठेवायला स्टीलच्या पट्ट्या घालाव्या लागतात, दर सोळा इंचांवर एक. काम पूर्वेच्या कोपऱ्यापासून सुरू झालं. पहिल्याच दिवशी लॉलर झुल्यावर आला.

"तीन जागांपैकी एकीलाच घाल," तो म्हणाला. "आपल्याला वेळ नाही."

"साहेब, भिंत सुटेल."

"सुटेल तेव्हा सुटेल. आत कोण बघतंय? इंजिनिअर दुर्बीण घेऊन फुटपाथवर उभा राहतो, त्याला विटा दिसतात फक्त." मग लॉलरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि ब्रोनेक, तुझ्याकडे कागद आहेत का, हे मी अजून विचारलेलं नाही."

ब्रोनेककडे या देशात राहण्याचे कागद नव्हते. ते पुढे चार वर्षांनी झाले. घरी तीन वर्षांची योलान्ता होती. त्याने तीन जागांपैकी एकीला पट्टी घातली. भिंतीचा अख्खा पूर्वेकडचा अर्धा भाग, बाराव्या मजल्यापासून पंधराव्यापर्यंत.

पुढच्या आठवड्यात लॉलर दुसऱ्या कामावर अडकला आणि इकडे फिरकलाच नाही. वाचवलेल्या पट्ट्यांचे खोके गच्चीवर पडून होते. ब्रोनेकने ते उघडले आणि पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात एकही जागा न सोडता पट्ट्या घातल्या. मन लावून, ओळंबा धरून. जणू इकडे चोख केलं की तिकडचं फिटणार होतं.

त्यानंतर दर पाच वर्षांनी इंजिनिअर आले, फुटपाथवरून बघून गेले आणि इमारत सुरक्षित ठरली. ब्रोनेक वर्षातून तीन-चारदा एकटाच तिथे जायचा. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन तिरकं पडलं की पूर्वेला बाराव्या मजल्यावर एक सावली दिसायची, ताटाच्या कडेएवढी बारीक. भिंतीला पोट सुटायला लागलं होतं. दुसऱ्या कुणाला दाखवली असती तर त्याला ती दिसलीही नसती. लॉलर तोवर मरून गेला होता, त्याची कंपनीही बुडाली होती.

मग नियम बदलला. आता नुसतं बघून भागणार नव्हतं. पोकळीच्या भिंती उघडून आतल्या पट्ट्या तपासायच्या होत्या. ही बातमी योलान्ताने मोबाइलवरून वाचून दाखवली, तेव्हा ब्रोनेक जेवता जेवता उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. चांगला नियम आहे," तो म्हणाला. त्या रात्री त्याने लुत्काला सगळं सांगितलं. ती अंथरुणात उठून बसली. मग म्हणाली, "तेवीस वर्षं माझ्या शेजारी झोपलास आणि हे पोटात ठेवलंस? मेल्या, उद्याच्या उद्या जाऊन सांग."

तो गेला. सांगायला तपासणीचं कुणी भेटेना, म्हणून रोज जात राहिला. तिसऱ्या आठवड्यात इमारतीला झुला लागलेला दिसला. खाली डोक्यावर हेल्मेट घातलेली एक तरुण बाई कागद चाळत होती. ती तपासणीची इंजिनिअर, दालिया मरेरो.

"बाईसाहेब, ही भिंत मी बांधलीय," ब्रोनेक म्हणाला.

तिला वाटलं म्हातारा कौतुकाला आलाय. "अरे वा, छान!"

"छान नाही. पूर्वेला पट्ट्या नाहीत. तीनातली एक आहे. तिकडे उघडा."

तिने कागद बंद केले आणि त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन कॉफी पाजली. त्याने सगळं सांगितलं. लॉलर, कागदपत्रं, खोके. तिने शब्द न् शब्द लिहून घेतला.

"आजोबा, मी खोटं बोलणार नाही," ती शेवटी म्हणाली. "एवढ्या रुंदीच्या भिंतीला एकच भोक पाडायचा नियम आहे. आणि झुला पश्चिमेला लागलाय."

"मग पूर्वेला हलवा."

"पूर्वेला शेजारची बुटकी इमारत आहे. वरून काही पडलं तर म्हणून तिच्या छतावर फळ्या अंथरल्याशिवाय तिकडे झुला लावता येत नाही, आणि तो मालक परवानगी देत नाही. आठ महिने पत्रं चाललीत. तरी मी परत विचारते."

तिने विचारलं. शेजारच्या मालकाने वकिलाचं पत्र पाठवलं. इमारतीच्या व्यवस्थापकाने मुदत संपत आल्याची आठवण करून दिली. आणि एका मंगळवारी सकाळी पश्चिमेला, तेराव्या मजल्यावर, भिंत उघडली.

ब्रोनेक समोरच्या फुटपाथवर उभा होता. वरून गवंड्याने विटा काढल्या, मरेरोबाईंनी टॉर्च मारला, फोटो काढले. अर्ध्या तासाने झुला खाली आला. गवंडी इक्वादोरचा होता, उमदा माणूस. ही भिंत या म्हाताऱ्याने बांधलीय हे कळल्यावर त्याने येऊन ब्रोनेकचा हात हातात घेतला.

"उस्ताद, काय काम आहे! दर सोळा इंचांवर पट्टी, एकसुद्धा गंजलेली नाही. असं काम आता कोण करतंय?"

ब्रोनेकला हात सोडवून घेता येईना. उभ्या आयुष्यात केलेलं सगळ्यांत इमानी काम त्याच्या विरुद्ध साक्ष देऊन गेलं होतं.

मरेरोबाईंनी अहवालात त्याचं म्हणणं एका परिच्छेदात लिहिलं. त्यांच्या वरिष्ठाने तो खोडला. ऐकीव माहिती, पुरावा नाही, आणि जो पुरावा आहे तो उलटच सांगतोय. "मी भांडले," त्यांनी ब्रोनेकला फोनवर सांगितलं. "ते म्हणाले, हवं तर सही करू नकोस, दुसरा कुणी करेल. आणि दुसऱ्याने केली."

इमारत सुरक्षित ठरली. पाच वर्षांसाठी.

ब्रोनेकने शहराच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. इंग्रजी अडखळेल म्हणून योलान्ता शेजारी बसली होती. दोन आठवड्यांनी एक तपासनीस आला, त्याने फुटपाथवरून वर पाहिलं. त्या दिवशी आभाळ होतं, सावली पडलीच नाही. ताजा अहवाल सुरक्षित म्हणत होता, डोळ्यांना तडा दिसत नव्हता. तक्रार बंद झाली. ब्रोनेकने पुन्हा केली, पुन्हा बंद झाली. तिसऱ्या वेळी फोनवरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुमचं या इमारतीशी काही भांडण आहे का?"

मग त्याला दुसरं काही सुचेना. भिंतीच्या त्या बाजूला, बरोबर खाली, मोतालेब नावाच्या बांगलादेशी माणसाची फळांची गाडी होती. ब्रोनेकने त्याच्याकडून केळी घेतली आणि सरळ सांगितलं, "भाऊ, गाडी वीस पावलं पलीकडे ने. वरची भिंत चांगली नाही."

मोतालेबने वर पाहिलं. "मला तर चांगली दिसते, चाचा."

"तुला दिसणार नाही. मी बांधलीय."

"मग चांगली का नाही बांधलीत?" मोतालेब हसत म्हणाला. ब्रोनेकचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. त्याने द्राक्षांवरचा कागद सारखा केला. "चाचा, पलीकडे दार आहे, दारासमोर उभं राहू देत नाहीत. त्याच्या पुढे नळ आहे, तिथे आग विझवणारे उभं राहू देत नाहीत. मला उभं राहायला हीच जागा आहे. आणि समजा मी गेलो. संध्याकाळच्या आत दुसरा कुणी इथे गाडी लावेल. त्याला कोण सांगणार? तुम्ही?"

"सांगेन."

"आणि ही बस थांब्यावरची माणसं? त्यांना?"

बस आली. माणसं उतरली, चढली. एक बाई लेकराला कडेवर घेऊन फोनवर बोलत तिथेच थांबली. ब्रोनेक तिच्याकडे दोन पावलं गेला आणि थांबला. काय सांगणार होता? कुणाकुणाला? मोतालेबने त्याच्या पिशवीत दोन संत्री टाकली. "घ्या, चाचा. घरी जा. थंडी आहे."

हिवाळ्यात ब्रोनेकचे गुडघे आखडले. भुयारी रेल्वेचे जिने चढवेनात, ब्याऐंशीव्या रस्त्याच्या खेपा बंद झाल्या. वसंत लागतो न लागतो तोच मरेरोबाईंचा फोन आला. ती नोकरी त्यांनी सोडली होती, आता पुलांचं काम बघत होत्या. "आजोबा, तुमचं सगळं म्हणणं मी तारीख घालून शहराला कळवलंय. नोंद झालीय."

"नोंद," ब्रोनेक म्हणाला. "बरं केलंत, पोरी." पुढच्या तपासणीला तो ऐंशीच्या घरात असणार होता.

त्या रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर तो लुत्काला दारापाशी थांबवून मागच्या खोलीत गेला. फादर येझी मिस्साची वही उघडून बसले होते. ज्यांच्या नावाने प्रार्थना करायची, त्यांची नावं ते लिहून घेत होते. ब्रोनेकला ते त्याच्या पूर्ण नावाने हाक मारायचे.

"बोला, ब्रोनिस्वावसाहेब. कुणासाठी?"

"ब्याऐंशीव्या रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी."

फादरांनी चष्मा वर केला. "म्हणजे कुणी वारलंय?"

"नाही."

"आजारी?"

"नाही, फादर. चालताहेत. धडधाकट आहेत सगळे."

फादरांनी वहीतल्या रकान्यांकडे पाहिलं. पहिला मृतांचा होता, दुसरा आजाऱ्यांचा, तिसरा वाढदिवस आणि लग्नाच्या वाढदिवसांचा. "नावं तरी?"

"नावं मला माहीत नाहीत."

पेन तिन्ही रकान्यांवरून फिरलं. मग फादरांनी आजाऱ्यांच्या रकान्यात, वेलेरिया नावाच्या कुण्या म्हातारीच्या खाली, लिहिलं: 'खास हेतू. स्कीबा.' आणि विचारलं, "एकच मिस्सा ना?"

"जेवढ्या होतील तेवढ्या," ब्रोनेक म्हणाला. बाहेर लुत्का थंडीत उभी होती, म्हणून तो लगेच उठला.