बाप्पाभोवतीची पृथ्वी

दहावीत मी फळ्यावर पृथ्वी सूर्याभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवली. भौतिकशास्त्राच्या सरांनी मला टेबलाभोवती दहा फेऱ्या मारायला लावल्या, काट्यांच्या उलट दिशेने. "उत्तरेकडून, वरून बघितलं की पृथ्वी अशी फिरते," म्हणाले. चक्कर येऊन मी पहिल्या बाकावर पडलो. मुली हसल्या. तो अपमान मी आजवर नीट जपून ठेवलाय.

यंदा लालबागच्या आमच्या चाळीच्या गणपतीला सूर्यमालेचा देखावा ठरला. सूर्याच्या जागी बाप्पा आणि भोवती कमरेच्या उंचीवर मोटरीने फिरणारे कागदी लगद्याचे ग्रह. स्पर्धेचे परीक्षक म्हणून येणार होते तेच सर. मला गुदगुल्याच झाल्या. सरांसमोर या वेळी तरी पृथ्वी सुलटी फिरवायचीच!

बैठकीत मी म्हणालो, "ग्रह काट्यांच्या उलट फिरले पाहिजेत."

तळमजल्यावरच्या मावशी दुर्वा निवडता निवडता कडाडल्या, "बाप्पाक उलटी प्रदक्षिणा? ह्या चलाचा नाय!"

मी गुरुत्वाकर्षण समजावलं, उत्तर ध्रुव समजावला. मतदान झालं. माझ्या बाजूने एकच हात वर होता, माझाच. तोही बायकोने खाली ओढला.

सर आले. मी खांबामागे लपलो. त्यांनी फिरणाऱ्या ग्रहांकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "उलटं आहे हे," म्हणाले आणि या चाळीतल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, म्हणजे नेमकं मला, शोधू लागले. मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात मावशी पुढे झाल्या. कंबर धरते म्हणून त्या रोज दुपारी त्या ग्रहांखालीच सतरंजीवर पाठ टेकायच्या. "मास्तरांनू, आडवे पडान बघा. खालसून सुलटेच फिरतत. आकाशात वर आणि खाली असता खंय?"

सर चक्क आडवे झाले. "पाय बाप्पाकडे नको!" अख्खी चाळ ओरडली. सर सरपटत वळले आणि गुरू ग्रहाच्या पोटाखालून वर बघत राहिले.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "उत्तर दिशा खाली धरली की झालं." मग मान वळवून त्यांनी खांबामागे मला पकडलंच. "म्हणजे दहावीत तुझी पृथ्वी बघायला मी टेबलाखाली बसायला हवं होतं रे!"

मी धावत गेलो. त्यांनी हात पुढे केला.

"आता उठव मला. गुरुत्वाकर्षण काही उलटं होत नाहीये."