बर्फाचा चेक

"मावशी, तुमचा चेक परत आलाय," बर्फाच्या कारखान्याचा मालक म्हणाला. हळू बोलला असता तर चाललं असतं. पण त्याने चेक वर धरला, त्याला टाचलेली बँकेची चिठ्ठी सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाला, "खात्यात पैसेच नाहीत."

नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. आमच्या दिवाळे गावातल्या होडीवाल्या बायका बर्फाच्या लाद्या सांगायला तिथेच रांगेत उभ्या होत्या. माझी जाऊ माझ्या पाठीलाच होती.

"काय गो, नव्या बँकेत खुर्ची मिळाली, पैसं नाय मिळालं?"

बायका हसल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

"उद्या दुपारपर्यंत पैसे आणा," मालक म्हणाला. "नाहीतर तुमच्या लाद्या दुसऱ्याला देईन."

माझ्या दोन होड्या होत्या. नवरा गेल्यावर मीच त्या चालवत होते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर, म्हणजे घरात पैसा येत नाही. आणि पौर्णिमेच्या तोंडावर जाळी, डिझेल, बर्फ सगळं एकदम घ्यावं लागतं. बर्फ नाही तर होडी निघत नाही. होडी निघाली नाही तर खलाशी बसून राहत नाहीत, शेजारच्या होडीवर जातात आणि त्या मोसमात परत येत नाहीत. शेजारची होडी माझ्या जावेची होती.

बारा वर्षं हे दिवस मी बाजारातल्या जुन्या बँकेच्या उचलीवर काढले होते. बँकेत तिला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. खात्यात नसलेले पैसेही एका हद्दीपर्यंत काढता येतात, मग मासळी आली की फेडायचे. मी दर दसऱ्याला फेडत होते.

ती बँक मी का सोडली, तेही सांगते. तिथला कॅशिअर नाकाला रुमाल लावून माझ्या नोटा मोजायचा. नोटांना मासळीचा वास येतो म्हणे. बारा वर्षं त्याने रुमाल लावला आणि बारा वर्षं मी बघितलं. मग त्या उन्हाळ्यात बेलापूरला नवी बँक उघडली. तिचा एक साहेब गावात घरोघर फिरला. माझ्या घरी बसला, चहा प्यायला, मला बँकेत नेऊन खुर्चीवर बसवलं, गार पाणी दिलं. "मावशी, तुम्ही फक्त सह्या करा. सगळं इकडे आणू," म्हणाला. मी सह्या केल्या. ठेव आली, शिल्लक आली. उचल आली का, हे मी विचारलंच नाही.

का नाही विचारलं? कारण आमच्या मासळीबाजारात विचारावं लागत नाही. एक दलाल सोडून दुसऱ्याकडे गेलं की जुना दलाल कितीही रागावला तरी नव्याला जाऊन सांगतो, ही बाई एवढी उचल घेते आणि वेळेवर फेडते. नवा तेवढीच देतो. मला वाटलं बँकाही तसंच करत असतील. चौथी शिकलेल्या बाईला याहून वेगळं कुठून वाटणार?

कारखान्यातून मी तशीच बेलापूरला गेले. साहेबाने खुर्ची दिली.

"खुर्ची नको. उचल कुठे हाय माझी?"

"मावशी, ओव्हरड्राफ्ट एका बँकेतून दुसरीत येत नाही. इथे नव्याने मागावा लागतो."

"मग तेव्हा का नाय सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

हे खरं होतं, म्हणून मी जास्त चिडले. मी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले. मॅनेजर तरुण होते, चांगले बोलले. म्हणाले, तुमच्या ठेवीवर मी उचल आजच देऊ शकतो, पण तुम्हाला पूर्वी मिळायची तिच्या निम्मीच. बाकीची निम्मी त्या बँकेने तुमचा व्यवहार बघून वाढवली होती. तो व्यवहार आम्ही पाहिलेला नाही.

"कोणी लिहून दिला तर?"

"त्यांनी लिहून दिलं तर बघू. पण तुम्ही त्यांचं खातं बंद केलंय. ते कशाला देतील?"

निम्म्या पैशात एका होडीचं भागलं असतं. दुसरीचे खलाशी जावेकडे. मी बस पकडून बाजारात आले.

जुन्या बँकेत रुमालवाला कॅशिअर समोरच होता. म्हणाला, "काय, परत आलात?" मी त्याच्याकडे बघितलं नाही. आत मॅनेजर होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जाताना एका शब्दाने बोलला नाहीत. आता माझी आठवण झाली?"

"नाय बोलले. चुकलं. पन मी बारा वर्सं कशी वागले ते लिहून द्या. खोटं काय लिहू नका."

"आणि नाही दिलं तर?"

"तर माझी एक होडी किनाऱ्यावर कुजंल. तुमचं काय जात नाय त्यात."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी कॅशिअरला हाक मारली आणि माझ्या खात्याची जुनी लेजरं काढायला सांगितली. ती माळ्यावर होती. कॅशिअर शिडीवर चढला, धुळीने माखून खाली आला. त्या दिवशी रुमाल त्याला खरोखर लागला. मॅनेजरनी पानं उलटली आणि स्वतः टाइप करायला बसले. पत्र इंग्रजीत होतं. मी म्हटलं, मराठीत वाचून दाखवा. त्यांनी वाचलं: बारा वर्षांत एकदाही मुदत चुकली नाही, एकदाही आठवण करावी लागली नाही.

"बरोबर लिहिलंय," मी म्हणाले.

"मी बरोबरच लिहितो," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी मी नव्या बँकेच्या पायरीवर बसले होते. तरुण मॅनेजरनी पत्र दोनदा वाचलं आणि जुन्या मॅनेजरना फोन लावला. मग खुर्ची देणाऱ्या साहेबाला बोलावून माझ्यासमोर फॉर्म भरायला लावला. मी प्रत्येक सहीला विचारलं, ही कशाची? त्याला घाम फुटला. अकराला उचल मंजूर झाली, पूर्ण.

मी पैसे काढले नाहीत. चेकबुक घेऊन कारखान्यात गेले. बायका होत्याच, जाऊही होती.

मी चेक लिहून मालकापुढे ठेवला.

"पुन्हा चेक? मावशी, मी पैसे आणा म्हटलं होतं."

"त्याच बँकेचा हाय. फोन लावा."

"विश्वास आहे हो..."

"काल नव्हता. लावा."

त्याने लावला. रांगेतल्या सगळ्या कान देऊन ऐकत होत्या. तो "हो, हो, बरं" करत राहिला आणि फोन ठेवून कामगाराला म्हणाला, "मावशीच्या लाद्या आधी भर."

बाहेर आल्यावर जाऊ माझ्या कानाशी आली.

"खुर्ची देतात काय गो तिथं, खरंच?"

"देतात. उचलीचं आधी विचार, मग बस."

पौर्णिमेला नारळ सोडून माझ्या दोन्ही होड्या निघाल्या. खलाशी एकही कमी नव्हता. दसऱ्याच्या आधी उचल फिटली, आणि एक गोणभर सुके बोंबील मी जुन्या मॅनेजरच्या घरी पोचते केले. त्यांनी ठेवून घेतले.

पुढे ती नवी बँक दुसऱ्या बँकेत मिसळली. बर्फाचा कारखाना पाडून तिथे इमारत झाली. जुने मॅनेजर गेले, जाऊही गेली. मी आहे.