चांद्याचा खांदा

सोजराबाईच्या हाताला गुण होता आणि तोंडाला लगाम नव्हता. संग्रामपूरच्या आसपास कुणाच्या गायीला शिंग लागो की म्हशीचा पाय फाटो, बोलावणं तिलाच. औषध काय, तर कुंपणावरची कोरफड! बुळबुळीत गर काढायचा, पपईच्या पोकळ देठात भरायचा आणि मागून काडीनं ढकलत जखमेच्या पार तळाशी पोचवायचा. "जखम खालून भरत वर येऊ द्या," ती म्हणायची. "वरून झाकण घालाले ते का लोणचं हाय?"

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या श्रावणात तिच्याच घरच्या चांद्या बैलाचा खांदा जुवानं सोलला आणि आत खड्डा पडला. नवरा उकंडराव मुलखाचा उतावळा. "पोळ्यापर्यंत भरला तं ठीक, नाही तं बजारात," म्हणाला.  त्याची आई मेल्यावर या चांद्याला सोजराबाईनं बोटानं दूध चाटवून जगवलं होतं.

रोज गर भरणं चाललं होतं. मधेच बहिणीच्या बाळंतपणाला डोणगावला जावं लागलं. परत येऊन पाहते तो काय, खांदा वरून साफ बुजलेला, हळदीनं पिवळा!

"पाह्यलं?" उकंडराव मिशीत हसला. "हयद अन् राख दाबून भरली. तुह्या देठाचं कामच नाही पडलं."

तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. कातडी तापलेली, खाली पोकळ. पोळा तर तोंडावर आलेला. गप्प बसली असती तर चांद्या मिरवला असता, राहिला असता. उघडलं तर पुन्हा खड्डा, आणि नवऱ्याची अट! तिला रडूच कोसळलं. पण पदर खोचला आणि वस्तरा तापवला.

पू भळाभळा आला. चांद्याची मान धरून उभ्या असलेल्या उकंडरावाच्या नाकात वास गेला आणि त्याचा चेहरा उतरला. ती एक शब्द बोलली नाही. सोजराबाई आणि गप्प! त्याला तेच जास्त झोंबलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळून जेवणाचं आवतण द्यायचा रिवाज. चांद्याचा खांदा उघडा, ओला, गरानं भरलेला. तिथं चोळणार काय? आणि आवतण चुकलं की तो बाजारात गेलाच समजा. सोजराबाईला गोठ्यात पाऊल टाकवेना.

उकंडराव वाटी घेऊन आत शिरला. जोडीच्या बैलाचा खांदा चोळला. मग चांद्यापाशी आला. जखमेला धक्का न लावता त्यानं लोणी त्याच्या कपाळावर चोळलं आणि घसा खाकरला.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये. अन् पुढच्या पोळ्याचंबी आवतन आजच घेऊन ठेव बे."