समुद्राकाठी जायची आमची तयारी

चहा घ्या आधी, मग सांगतो. अन् हसायचं तर खुशाल हसा, बायको माझी, कमल, अजून हसते.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी वरोऱ्याच्या लाकूड डेपोत बाबू. आता बदली थेट कोकणात होणार, अशी आम्हा बाबूलोकांत एकच धास्ती. अन् एक दिवस चांद्याच्या ऑफिसातून फोन आला. फोन कसला? कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज!

"बाबू, तुमची बदली... मुरु... खर्रर्र..."

"मुरुड? समुद्राकाठचं?" मी ओरडलो.

"हो हो! लवकर हजर व्हा!" अन् फोन बंद.

झालं! घरी येऊन कमलला सांगितलं. मला वाटलं, रडेल. ती तर चुलीपुढून ताडकन उठली.

"अवो, म्हंजे मले समुद्र पाहाले भेटन?"

वर्ध्याच्या पुढं ती कधी गेली नव्हती. तिचा तो चेहरा पाहिला अन् माझी धास्ती कुठल्या कुठं पळाली.

पण समुद्राकाठी बिऱ्हाड हलवायचं म्हणजे काय खेळ आहे? आमच्या गल्लीतले हमीदभाई टेलर तरुणपणी कोकणपट्टीत राहून आलेले. त्यांना गाठलं.

"बाबू, उधर की हवाच ओली," ते म्हणाले. "आपल्यासारखं कोरडं ऊन नाई. बसल्या जागी घाम. कपडा वाळत नाई, पापड नरम पडते, लोखंडाले गंज चढते. अन् रजई तर नेऊच नका! बुरशी धरते."

"मग नेऊ काय?"

"मलमल! फक्त मलमल!"

मलमलीचे सदरे शिवले. कोणाकडं? त्यांच्याचकडं, आणखी कोणाकडं! रजया शेजाऱ्यांत वाटल्या. लोकरीचा कोट मेहुण्याला. लोखंडी पेटी देऊन वेताची घेतली. पौषातली थंडी, अंगावर काटा उभा, अन् मी गावभर सांगत फिरतोय, "आता आपल्याला कशाला लागते हो रजई?"

बिऱ्हाड घेऊन चांद्याला ऑफिसात गेलो. कमल बाहेर बाकावर, पातळ लुगड्यात कुडकुडत. हेडक्लार्कना विचारलं, "साहेब, मुरुडला मुंबईवरून जायचं, का पुण्यावरून?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मुरुड? तुमची बदली मुरुमगावले हाये ना बाबू! धानोऱ्याच्या पल्याड, जंगलात."

"अन् समुद्र?"

"कोणता समुद्र?"

बाहेर येऊन तिला कसं सांगितलं, ते नका विचारू. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं "बरं" म्हणाली अन् पदर ओढून घेतला. लाकडाच्या ट्रकमध्ये बसून निघालो. मी होते नव्हते ते सगळे सदरे एकावर एक चढवून बसलेलो. कांदा नुसता!

मुरुमगावात पहिल्याच सकाळी शेजारची मैनाबाई, फॉरेस्ट गार्डची बायको, आमची दशा पाहून घोंगडी घेऊन आली. अंगणात शेकोटी पेटवून दिली.

"थंडीत असे पातळ कपडे काऊन वो बाई?"

"आमी समुद्राकाठी राहाले चाललो होतो."

"समुद्र म्हंजे?"

अन् कमल सांगू लागली. पाणी एवढं, की पल्याडचा काठच दिसत नाई. त्यावर गावाएवढी जहाजं. लाटा झोपतच नाईत, बोलतच राह्यतात. कधी न पाहिलेला समुद्र ती असा सांगत होती, की मैनाबाई हात शेकायचे विसरली.

"एवढं चांगलं हाये, मंग गेल्या काऊन नाई?" मैनाबाईनं विचारलं.

कमलनं माझ्याकडं पाहिलं. आता निघते आपली अब्रू! पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, चांदा सोडल्यापासून पहिल्यांदाच.

"जाणारच होतो बाई. पण आमच्या ह्याइले जरा ऐकू कमी येते!"

"अरेरे! एवढ्या तरण्या वयात?" मैनाबाई हळहळली.

बस्स! दुपारपर्यंत गावभर झालं. पुढं मुरुमगावात होतो तोवर लहानथोर सगळे माझ्या कानाशी येऊन ओरडत, "बाबूऽऽ, जेवले काऽऽ?"

अन् मी? मीही कान पुढं करून म्हणायचो, "काऽऽय?"

करता काय! येडा ठरण्यापेक्षा बहिरा बरा!