धूर मागून येतो

मंगळवारी सकाळी शाळेत फोन आला. दादा गेला होता. मी वाचनालयाचं रजिस्टर बंद केलं, किल्ली शिपायाच्या हातात दिली आणि स्टँडवर गेलो. सातारा ते पुणे, पुणे ते इंदूर. बुधवारी सकाळी सरवटे स्टँडवर उतरलो, तोवर वहिनींच्या भावाने, नंदूने, अग्नी दिला होता.

दादाचं घर स्नेहलतागंजात, स्टँडपासून चालत जाण्याजोगं. पूर्वी या रस्त्याने जाताना मिलचा भोंगा ऐकू यायचा आणि दुकानदार नकळत घड्याळाकडे बघायचे. आता भोंगा नव्हता. टपऱ्यांवर नव्या शीतपेयांच्या पाट्या लागल्या होत्या, गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या. पोह्यांच्या गाडीभोवती मात्र नेहमीची गर्दी होती. पोह्यांवर शेव आणि जीरावन (इथला भुरभुरायचा मसाला) पडत होतं. सुतक होतं. मी न थांबता पुढे गेलो.

दारात दादाची पांढरी गाडी उभी होती. कुणीतरी तिच्यावर चादर टाकली होती.

दादा कापड मिलमध्ये सूतकताई खात्यात मास्तर होता. मिल बंद पडली तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. त्यानंतर दोन वर्षं पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो आहे, असं त्याने मला पत्रातून कळवलं होतं. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि वहिनी, दोघंच.

मी पाय धुऊन बसतो न बसतो तोच वहिनी म्हणाल्या, "भावजी, दहाव्याला अस्थी मंडलेश्वरला, नर्मदेत सोडायला न्यायच्यात. मी येणार. आणि त्यांच्याच गाडीत जाणार."

नंदू दारात उभा होता. "ताई, फालतूची जिद नको करू ना. ती गाडी आहे का धूपदानी? दहा मिनिटात तुला चक्कर येते. मी जीप बोलून ठेवलीये. आम्ही आदमी लोक जाऊन येतो, तू घरी थांब."

"तुझ्या जीपमध्ये तूच बस. सत्तावीस वर्षं त्यांच्यासोबत फिरली मी. शेवटच्या वेळेला घरी थांबू?"

मी विचारलं, "गाडीत धूर येतो का?"

"दोन वर्षं झाली. वास आला की मागच्या काचा खाली करायच्या, बस. त्यांचं डोकं तर रोज दुखायचं. मतलब, मला वाटायचं, मिल गेली ना, त्याचं आहे ते."

शेवटी नंदू माझ्याकडे वळला. "ठीक आहे, भावजी. पुढच्या बुधवार संध्याकाळपर्यंत वास गेला तर ताई गाडीत. नाही गेला तर जीप, आणि ताई घरी." वहिनींनी मान हलवली. मी पण हलवली. माझ्यासारख्या पुस्तकवाल्याने हे कशाच्या भरवशावर कबूल केलं ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. पण शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी चादर काढली. ही गाडी चालवायला मला दादानेच शिकवलं होतं, लालबाग राजवाड्याच्या भिंतीशी, जत्रा नसेल त्या दिवसांत. तिकडेच निघालो. वहिनी सवयीने मागे बसल्या आणि त्यांनी सवयीनेच दोन्ही काचा खाली केल्या. महूनाका ओलांडेपर्यंत माझ्या कपाळात ठणका सुरू झाला. लालबागच्या फाटकाशी वहिनींनी हाताने थांबायची खूण केली, दार उघडलं आणि कडेला ओकल्या. परत आम्ही रिक्षाने आलो. गाडी मी नंतर एकट्याने, सगळ्या काचा उघड्या ठेवून आणली आणि त्या दिवशी अंथरुणाला पाठ टेकून पडलो.

जळक्या पेट्रोलमधल्या ज्या वायूने माणूस मरतो त्याला स्वतःचा वास नसतो, एवढं मी वाचलेलं होतं. वास त्याचा सोबती. सोबती कुठून आत शिरतो ते सापडलं तर दोघांचीही वाट बंद होणार होती.

दादाची गाडी सलीमभाई बघायचे. रेल्वे फाटकाजवळ पत्र्याचं छप्पर, खाली खड्डा. गाडी बघताच ते उठून उभे राहिले. "मास्टर साब की गाड़ी। आप छोटे भाई? बैठो भिया।" (भिया म्हणजे भाऊ. इंदुरात हा शब्द कुणालाही लावतात.) चहा मागवला. मग म्हणाले, "मैंने दो बार साइलेंसर बदला। वो हँसते थे, बोलते थे, सलीम, तू पाइप बदल, मैं नाक बदलता हूँ।"

मी वहीत एक यादी करून नेली होती: इंजिनाजवळचा जोड, मधला पाइप, सायलेन्सर, गिअरच्या दांड्याखालचं रबर. सलीमभाईंनी ती वाचली आणि मला परत दिली. "ये किताब में लिखा है? तो किताब से ही पूछ लो, बीमारी काँ है।"

तरी ते खड्ड्यात उतरले. एक पोतं ओलं केलं आणि मला चालू गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरायला सांगितलं. कुठे भोक असेल तर तिथून फुसफुस ऐकू येणार. फुसफुस आली नाही. इंजिन दोनदा गुदमरलं आणि बंद पडलं.

"देखा? दम घुट गया। मतलब पाइप पक्का है।" ते वर आले. "पाइप में कुछ नहीं है, भिया। पुरानी गाड़ी है, थोड़ी तो महकेगी। काँच खोल के चलाओ।"

"वहिनी काचा उघड्याच ठेवून बसतात."

"तो और खोलो।"

शनिवारी त्यांनी गिअरखालचं रबर बदललं. रविवारी मी गाडी महूच्या वाटेवरच्या राऊ गावापर्यंत नेली. वास तसाच. नंदूने घरी विचारलं, "जीपवाल्याला हो म्हणू ना?" मी म्हटलं, अजून तीन दिवस आहेत.

सोमवारी वहिनी समईच्या वाती वळत बसल्या होत्या. दहाव्याला लागणार होत्या. पुढ्यात कापूस. पंखा लावल्यावर त्यातला एक पुंजका उठला आणि दाराकडे न जाता उलट खिडकीकडे सरकला. मला दादाचं खातं आठवलं. मी शाळेत असताना तो एकदा मला आत घेऊन गेला होता. त्या खात्यात हवा ओलसर ठेवावी लागे, वाऱ्याची झुळूक आली की सूत तुटे. कुठलं दार किलकिलं आहे ते शोधायला दादा बोटांत पेळू (पिंजलेल्या कापसाची सैल वळी) धरून खात्यातून फिरायचा. कापूस ज्या बाजूला झुकेल त्याच्या उलट्या बाजूला दार. "आपलं नाक फसतं," तो म्हणाला होता, "कापूस नाही फसत."

मी पाच दिवस नाकाने शोधत होतो.

"वहिनी, थोडा कापूस द्या."

"कशाला?"

"गाडीला बांधायला."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. हातातला सगळा कापूस दिला.

मी सात पेळू केले आणि चिकटपट्टीने लावले: पुढच्या आरशाला, चारही दारांच्या वर, गिअरशेजारी, आणि मागच्या सीटच्या पाठीवर. सलीमभाई शेजारी बसले. "मास्टर साब गए तो छोटे मास्टर आ गए," असं म्हणून हसले. महूच्या रस्त्याला लागलो, सगळ्या काचा बंद करून. दारांवरचे पेळू सरळ लोंबत होते. गिअरजवळचा हलतही नव्हता. मागच्या सीटवरचा मात्र हळूहळू पुढे आमच्याकडे वळला.

"मागची काच उघडा," मी म्हटलं.

सलीमभाईंनी हात मागे नेऊन काच खाली केली. सीटवरचा पेळू एकदम आडवा झाला, कुणी पाठीमागून फुंकर मारावी तसा. काच वर केली, तो खाली आला. परत खाली केली, परत आडवा.

सलीमभाईंनी आणखी एकदा काच वर-खाली करून बघितली. मग म्हणाले, "या अल्लाह। काँच खोलो तो हवा बाहर खिंचती है, और डिक्की से धुआँ अंदर। और मैं दो साल से बोल रिया हूँ, काँच खोलो।"

दोन वर्षं सगळ्यांनी तेच केलं होतं. वास आला की काच खाली. जितका वास, तितकी काच खाली. दादाने तेच केलं होतं.

गॅरेजमध्ये येऊन मागची सीट उपटली. सीट आणि डिकी यांच्यामधल्या पत्र्यात गोल भोक होतं, परातीच्या तोंडाएवढं. करवतीने कापलेलं. हात कापू नये म्हणून कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी नीट शिवलेली होती. तो टाका दादाचा, हे मला विचारावं लागलं नाही. पट्टीत निळे धागे अडकले होते. डिकीच्या झाकणाचं रबर एका बाजूने चेपून सपाट झालं होतं. सायलेन्सरचा धूर तिथून डिकीत आणि डिकीतून भोकाने आत येत होता.

"ये मैंने नहीं काटा," सलीमभाई म्हणाले. "क्यों काटा होगा?"

मला माहीत नव्हतं. पीथमपूरच्या स्टोअरकीपरला गाडीत एवढं भोक कशाला लागावं?

मंगळवारी भोकावर पत्रा ठोकला, डिकीला बसचं जाड रबर लावलं. बुधवारी मी राऊच्या पुढे जाऊन आलो. सातही पेळू सरळ. संध्याकाळी नंदू स्वतः मागे बसला, काच वर करून, नाक फेंदारून. लालबागला जाऊन आलो. उतरल्यावर म्हणाला, "चला, जीपवाल्याला नाही सांगून येतो."

गुरुवारी पहाटे उजाडता उजाडता निघालो. वहिनी पुढे माझ्या शेजारी, मांडीवर अस्थींचं मडकं. नंदू आणि गुरुजी मागे. वहिनी आरशावरच्या पेळूकडे बघत होत्या. राऊ गेलं, तरी त्यांनी डोक्याला हात लावला नाही.

महूच्या बाजारात चहाला थांबलो. छावणीचं गाव. शाळेत जाणारी मुलं, सायकलवरचे जवान, नुकती उघडणारी दुकानं. मी गाडी लावली तोच समोरच्या कापडाच्या दुकानातून एक म्हातारे शेठ लगबगीने आले आणि खिडकीशी वाकले.

"आज तो डिक्की बंद है! मास्टरजी कहाँ हैं? दो हफ्ते से ताके (कापडाच्या मोठ्या गुंडाळ्या) नहीं आए।"

मी दार उघडायला गेलो. त्याआधी वहिनीच बोलल्या. "वो नहीं रहे, सेठजी।"

शेठ तसेच वाकलेले राहिले. मग त्यांना मडकं दिसलं. हात जोडून हळूहळू म्हणाले की मास्तरजी बंद मिलच्या लिलावातले ताके आणून इथल्या दुकानांना द्यायचे. ताका इतका लांब की मागच्या भोकातून सीटपर्यंत जायचा, तरी डिकीबाहेर निघायचा आणि झाकण सुतळीने बांधावं लागायचं. कापडात खोट असेल तर स्वतःच दाखवायचे. "ऐसा आदमी धंधे में नहीं देखा।"

पीथमपूरचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी वहिनींकडे बघायचं टाळलं. नंदू मागून पुटपुटला, "जीजाजी तर म्हणायचे स्टोअरमध्ये..."

गाव मागे पडलं. जाम गेटची (घाटमाथ्यावरची जुनी वेस) चढण लागली. घाटाच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. तिथून एकदम निमाडचा मुलूख दिसतो, खाली खोल, पिवळा आणि धुरकट, आणि पलीकडे कुठेतरी नर्मदा.

"वहिनी, मला खरंच ठाऊक नव्हतं," मी म्हटलं.

"मला होतं."

"त्याने सांगितलं?"

"नाही. कारखान्यातून येणाऱ्या माणसाच्या शर्टाला तेलाचा वास येतो, भावजी. ह्यांच्या शर्टाला कोऱ्या कापडाच्या खळीचा यायचा. मिल बंद झाली त्या दिवसापासून तो वास गेला होता. दोन महिन्यांनी परत आला. मला बरं वाटलं." त्यांनी मांडीवरचं मडकं नीट धरलं. "मास्तर माणूस दुकानादुकानात ताके घेऊन फिरतो, हे त्यांना सांगायचं नव्हतं. मग मी पण नाही विचारलं. पण धुराचा वास त्यात मिसळलेला होता, तो नाही मला वेगळा करता आला."

मी गाडी सुरू केली. डॉक्टरांनी दादाच्या मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला आहे. त्यात मी माझ्या मनाने काही भर घालणार नाही.

मंडलेश्वरच्या घाटावर गुरुजींनी विधी केले. कावळा पिंडाला लवकर शिवला. नंदू म्हणाला, "त्यांची काही इच्छाच राहिली नव्हती." वहिनी पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरल्या आणि मडकं त्यांनी स्वतः सोडलं. गुरुजी काहीतरी म्हणायला गेले, नंदूने त्यांच्या दंडाला हात लावला.

येताना वहिनी मागे बसल्या, त्यांच्या जुन्या जागी. महूपर्यंत झोपल्या. दोन वर्षांत त्या गाडीत झोपल्या नव्हत्या, असं नंदूने मला सांगितलं.

तेराव्यानंतर मी साताऱ्याला परतलो. वाचनालयात बसून हे लिहायला मला बराच वेळ लागला. या शहरातलं बघण्यासारखं मी फारसं बघितलं नाही. एक रस्ता मात्र मी पेळूकडे बघत इतक्यांदा गेलो आलो की तो मला पाठ झाला. दादाने लिहिलेली पत्रं मी पुन्हा काढून वाचली. पीथमपूरबद्दल त्यांत कधीच दोन ओळींपेक्षा जास्त नव्हतं. कापडाबद्दल, सुताच्या नंबरांबद्दल पानंच्या पानं होती. मी ती वाचली होती आणि मला काही कळलं नव्हतं.

गाडी स्नेहलतागंजात दारात उभी असते. सहा पेळू मी निघताना काढले. आरशाला लावलेला वहिनींनी काढू दिला नाही. तो सरळ लोंबतो.