किटलीच्या बुडाचा छाप

त्या चिनी किटलीपायी मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मुठीत मावेल एवढं मातीचं भांडं, विटकरी रंगाचं, झाकणाला बोराएवढं बोंड आणि बुडाला चौकोनी छाप. ते किती जुनं आहे, एवढंच मला हवं होतं. पण सांगणारा एकजण धड निघेल तर शपथ.

मला काही अशा वस्तूंचा शौक नाही. आमच्याकडे चहा गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात, उकळतो. त्या गंजावर, गाळणीवर, सांडशीवरसुद्धा आईचं नाव घातलेलं. त्यापलीकडे भांड्यांकडे आम्ही कधी पाहिलं नाही. प्रकरण होतं आईचं. मी तान्ही असताना ती कामठीच्या एका बंगल्यात भांडी घासायला जायची. तिथल्या बाईंची अशीच एक चिनी किटली हरवली आणि आळ आला आईवर. आमच्या घराची झडती घेतली, चोर म्हणून हाकललं. आई हे एकदाच बोलली, तेही मी फारच खोदून विचारलं म्हणून.

यंदा तो बंगला विकला गेला. सामान तिथल्याच एका जुन्या सामानवाल्याकडे आलंय असं कळलं, तशी मी शेअर ऑटोत बसून कामठी गाठली. स्वयंपाकघरातल्या पेटीच्या तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ही किटली निघाली, असं दुकानदार म्हणाला. म्हणजे ती आईच्या काळातली ठरली, तर घराबाहेर कधी गेलीच नव्हती. आई चोर नव्हती. नंतरच्या काळातली ठरली, तर त्यांनी दुसरी आणली असणार आणि आम्ही होतो तिथंच.

ती विकत घेऊन घरी आले आणि आईला विचारलं, "हेच का वं, आई?"

तिने हातात फिरवून पाहिली. "तशीच होती. पण दुसऱ्याच्या घरची वस्तू मी काहून निरखून ठेवू?"

झालं. मग मी इंटरनेटवरच्या जाणकारांच्या नादी लागले. एक म्हणाला, शंभर वर्षांची आहे. दुसरा म्हणाला, मागच्या वर्षीची, चहाचं पाणी चोळून जुनी केलेली. तिसऱ्याने आत नाक घालून वास घ्यायला सांगितला. घेतला. डांबराच्या गोळीचा आला. या सगळ्यांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी असं मला वाटायचं. कामाचं बोलले ते कोलकात्याचे एक म्हातारे गृहस्थ. ते अशा किटल्या जमवतात. त्यांनी लिहिलं, चीनमधले कारखाने आपला छाप मधूनमधून बदलायचे, छाप नीट दिसला तर काळ सांगता येईल. तुमच्या फोटोत अक्षरं काजळीत बुडालीत. साबण लावू नका, घासू नका. कोमट पाण्यात भिजवा आणि फोटो पाठवा.

भिजवली. सकाळी काजळी सुटून अक्षरं स्वच्छ दिसत होती. ऑफिसला उशीर होत होता, आल्यावर फोटो काढू म्हणून किटली ओट्यावर पालथी घातली आणि निघाले.

संध्याकाळी पाहते तर किटली सरळ ठेवलेली. उचलून उलटी केली. छापाच्या बरोबर मधोमध, मशीनच्या थरथरत्या अक्षरांत, आईचं नाव. चिनी अक्षरांचे नुसते पाय उरले होते. आई शेजारणीला घेऊन इतवारीच्या भांडेबाजारात जाऊन आली होती. भांडेवाला मातीवर नाव घालत नाही म्हणत होता, पण हिने घालायला लावलं.

माझा संताप संताप झाला. "दुसरीकडे जागा नव्हती का वं? एवढी किटली पडली होती."

"नाव बुडालेच घालत असते."

"तू चोर नव्हती हे दाखवणारी तेवढी एकच खूण होती, आई. तुझ्यासाठीच मरून राहिली होती ना मी."

"कोणाले दाखवणार होती?" ती शांतपणे म्हणाली. "बाई मेली, साहेब मेला. झडतीत माह्या घरचा एकएक गंज उचलून इचारलं, हा कोणाचा, तो कोणाचा. माह्यावाला हाय म्हटलं तं कोणी मानलं नाई. त्या दिवसापासून घरात एक भांडं बिननावाचं राहू देल्लं नाई मी."

मला रडू आलं आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम. गाळणी, सांडशी, माझा शाळेचा डबा, सगळ्यांवरची ती अक्षरं डोळ्यांपुढून गेली. लहानपणी आम्ही तिला यावरूनच चिडवायचो.

कोलकात्याला फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं. छाप गेला, आता काळ कोणालाच सांगता येणार नाही. एवढी चांगली वस्तू खरडून कोणी ठेवली?

मी लिहिलं, मालकिणीने.